चिंचोक्यांची गाठ

निपाणीच्या वखारींत त्या काळी म्हणत, की भावकूनं मारलेली गाठ एक भावकू सोडील, नाहीतर उंदीर. हा भावकू म्हणजे माझा सख्खा मामा. तंबाखूचे बोद शिवायचं त्याचं काम. बोद म्हणजे माणसाच्या छातीला लागेल एवढं गोणपाटाचं पोतं. हमाल त्यात तंबाखू भरून पायांनी तुडवत, मग मामा दाभण-सुतळी घेऊन त्याचं तोंड शिवायचा, दोन कोपऱ्यांना दोन कान काढायचा आणि प्रत्येक कानाशी एक गाठ मारायचा. बोद बैलगाडीतून जावो, पुढं रेल्वेत चढो, पार मुंबईच्या गोदीत जाऊन आपटो, ती गाठ हलायची नाही.

गाठ पक्की, माणूस मात्र भलताच चुळबुळ्या. जेवायला बसला तरी एक गुडघा उभा. कीर्तनाला गेला तर चार खांबांना टेकून व्हायचं आणि बुवांचा पूर्वरंग संपायच्या आत स्वारी घरी. मनुबाई, म्हणजे माझी मामी, म्हणायची, "ह्यास्नी घडवताना देव बूड द्यायचं इसरला." लहानपणी मी यावर पोट धरून हसायची. पुढं त्या चुळबुळीचं मूळ कळलं आणि माझं हसू जरा कमी झालं.

मी सांगते आहे ते माझ्या जन्माच्या दिवसाचं. म्हणजे मी हजर होते, पण साक्षीला काही कामाची नव्हते. आईनं, मामीनं आणि रुक्माबाई सुईणीनं आपापल्या परीनं सांगितलेलं जोडून मी हे सांगते. मामानं स्वतः मला यातलं अक्षर कधी सांगितलं नाही.

माझी आई राजाबाई मामाहून नऊ वर्षांनी लहान. तिला जन्म दिला आणि आजी गेली. गल्लीतल्या बायांना एवढं पुरे होतं. पोरगी ओट्यावर खेळायला आली, की कुणीतरी दुसरीच्या कानात बोलायची, आणि बोलायची ती मुद्दाम ऐकू जाईल अशी, "आईला खाऊन आलेली." अशा तोंडांना काय म्हणावं! माझा जीव आजही तळतळतो. पुढं मानमोडीच्या तापाच्या साथीत, सगळी निपाणी ओस पडली होती तेव्हा, आठ दिवसांच्या अंतरानं माझा आजोबा आणि पणजी दोघं गेली. मामा सोळा वर्षांचा, आई सात वर्षांची. घरात दोघंच उरली.

मामानं तिला वाढवलं. भाकरी थापायला शिकला, तिला न्हाऊ घालायला शिकला. वेणी मात्र त्याला एकाच तऱ्हेनं घालता यायची. तीन पेड घ्यायचे, करकचून आवळायचे आणि शेवटी बोदाला मारतो तीच गाठ. रात्री आई शेजारच्या काकूकडं वेणी सोडवायला गेली की काकू म्हणायची, "बाई, हे माझ्या बाच्यानं व्हायचं न्हाय, तुझ्या आण्णालाच सांग." आईला कुणी ते "खाऊन आलेली" म्हटलं, की मात्र मामाचं डोकं फिरायचं. बालपणापासूनचा मित्र मष्णू, वखारीत त्याच्याच जोडीला हमाली करणारा. तो एकदा सहज बोलून गेला तर मामानं त्याचा पुढचा दात पाडला. भावाची माया, असं सगळे म्हणत. माया होतीच. पण नुसती माया नव्हती.

आईला चिकोडीला दिली. अठराव्या वर्षी तिला दिवस गेले आणि पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून सातव्यात मामानं तिला गाडीत घालून निपाणीला आणली. वाटेत गाडीवानाला इतक्या वेळा "हळू, हळू" म्हणाला, की तो शेवटी खाली उतरून म्हणाला, "तूच हाक." मामीची दोन्ही बाळंतपणं तिच्या माहेरी झाली होती, मामा बारशाला जाऊन टोपरं चढवून आला होता. त्यामुळं घरात बाळंतपण म्हणजे काय, हे त्यानं एकदाच पाहिलं होतं. आपल्या आईचं. आणि खोली तीच होती, मधली, अंधारी, माळ्याखालची.

रुक्माबाईच्या घरी तो दोन महिने रोज संध्याकाळी जायचा. अर्ध्या गल्लीची नाळ तिनं कापली होती, माझ्या आईचीसुद्धा. म्हातारी झाली होती, पण हात खणखणीत. मामा विचारायचा, "राजी बरी हाय नव्हं? पोट खाली आलंय, आसं मनू म्हनत हुती. पाय सुजल्यात." रोज तेच. रुक्माबाई एकदा वैतागून म्हणाली, "मेल्या, पोर तुझ्या पोटात हाय का तिच्या?"

पाडवा होऊन चार दिवस झाले होते. पहाटे आईच्या कळा सुरू झाल्या. वखारीचे ऐन कामाचे दिवस, पण मामा कामावर गेला नाही. रुक्माबाई आली, मामीला घेऊन आत गेली, दार लोटलं. मामा बाहेर. तिथून त्याचं जे सुरू झालं ते काही विचारू नका. पाणी तीनदा तापवलं. लग्नाच्या जेवणावळीला पुरेल एवढं सरपण फोडलं. अंगण झाडलं, परत झाडलं. आणि दर थोड्या वेळानं दाराशी येऊन, "झालं का?"

"ती काय भाकरी हाय व्हय रं, फुगली का बघाया?" रुक्माबाई आतून ओरडली. "जा तिकडं!"

तो तिकडं गेला आणि लगेच इकडं आला. आतून आईचा कण्हण्याचा आवाज आला की त्याच्या हातातलं जे असेल ते खाली पडायचं. सूर्य वर आला, ऊन अंगणभर झालं, आणि कळा होत्या तिथंच अडल्या. येत होत्या, जात होत्या, पुढं काही सरकत नव्हतं. रुक्माबाई घाम पुसत दाराबाहेर आली. 

"भावक्या," ती म्हणाली, "घरातल्या गाठी सोड."

आमच्याकडची ही जुनी रीत. बाई अडली की घरात बांधलेलं म्हणून काही ठेवायचं नाही. कुलपं उघडायची, पेट्यांची झाकणं काढायची, दोऱ्या-दावी-बोचकी सगळं मोकळं करायचं, म्हणजे पोराची वाट मोकळी होते. आणि सोडायचं म्हणजे हातानं सोडायचं. कापलं तर अपशकून. खरं-खोटं देवाला ठाऊक. पण ज्याची बहीण आत कण्हत असते त्याला खरं-खोटं बघायला वेळ नसतो.

मामानं गोठ्यापासून सुरुवात केली. म्हशीचं दावं सोडलं, रेडकाचं सोडलं. रेडकू धावत जाऊन म्हशीला लुचलं आणि दिवसभराचं दूध पिऊन बसलं. म्हैस शांतपणे दारातून बाहेर पडली आणि कुणाच्या तरी परड्यात शिरली. मामानं पोहऱ्याचा दोर सोडला. मिरच्यांचं बोचकं सोडलं. पाडव्याचं सुकलेलं तोरण सोडलं. स्वयंपाकघरातलं शिंकं सोडलं, त्यात दह्याचं गाडगं आहे हे विसरून, आणि सगळं दही चुलीसमोर. आपला करगोटा सोडला. चंचीची दोरी सोडली. मामीला दाराशी हाक मारून म्हणाला, "आंबाडा सोड!" मामीनं केस मोकळे सोडले. शेजारच्या घरात शिरून त्यांच्या दोऱ्याही त्यानं सोडल्या. तिथली काकू म्हणाली, "आरं, माझी कोंबडी!" पण कोंबडी गेली होती.

परत दाराशी. "झालं का?"

"अजून न्हाय."

आतून आई ओरडली. नेहमीचं ओरडणं नव्हतं ते. मामी सांगायची, "मला वाटलं, हातची जाती आता."

मामा ओट्याची कड धरून उभा होता. आणि एकदम त्याला आठवलं. काल दिवसभर त्यानं वखारीत बोद शिवले होते. तेवीस बोद. ह्या हातांनी मारलेल्या गाठी, आणि कुठल्या गाठी, कुणालाही न सुटणाऱ्या! तो जो पळत सुटला तो उघड्या अंगानं, अनवाणी, खालच्या गल्लीतून थेट पद्मराजांच्या वखारीत.

पद्मराज म्हणजे वखारीचे मालक. जैन, साठीला आलेले, रागीट पण दानतीचे. बोद ओळीनं दाराशी लावले होते, दुपारी गाड्या भरायच्या होत्या. मामानं पहिल्या बोदाला हात घातला. ज्या गाठी मारायला त्याला चुटकीभर वेळ लागायचा, त्या सोडायला त्याच्याच नखांतून रक्त आलं. एक सुटला. दुसरा सुटला. दाबून भरलेली तंबाखू भसकन वर आली, तिची बारीक भुकटी हवेत उडाली आणि अख्खी वखार शिंकू लागली. मष्णू धावत आला. "भावक्या, याड लागलं का?" मामा म्हणाला, "राजी अडलीया."  पडलेल्या दाताच्या फटीतून शिंकत मष्णू बोद धरून उभा राहिला आणि मामा सोडत राहिला.

अकरावा बोद सुटला तेव्हा मालक आले. पद्मराजांना राग आला की कानडी सुचायची. "एन माडाकत्तीयो भावक्या!" म्हणजे काय करतोयस, म्हणून ते ओरडले, आणि पुढं बरंच काही, जे कानडीतच राहिलेलं बरं. मामानं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्याला मध्येच काय वाटलं कुणास ठाऊक, बारावा बोद तसाच टाकून तो घराकडं पळाला. मागं काठी आपटत मालक, त्यांच्यामागं मष्णू. अशी वरात आमच्या दाराशी आली.

"माझे अकरा बोद फोडून आला हा!" पद्मराज अंगणात उभे राहून गरजले. "आज गाड्या जायच्या! कोण भरणार परत?"

दार उघडून रुक्माबाई बाहेर आली. केस सुटलेले, हात कोपरापर्यंत तेलानं माखलेले. तिनं मालकांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता आणि अंगात जुन्या चालीची बाराबंदी, बंदच बंद.

"ह्यो कोण हितं दारात गाठी घालून उभा?" ती म्हणाली. "सोडा आदी त्ये!"

निपाणीत पद्मराजांना असं बोलायची कुणाची छाती नव्हती. पण तेही चार लेकरांचे बाप होते. त्यांनी काठी भिंतीला टेकली आणि मुकाट्यानं किल्ल्यांचा जुडगा सोडून खाली ठेवला. मग बाराबंदीचे बंद सोडायला लागले.  काखेतला बंद सुटेना तेव्हा मष्णूनं सोडून दिला.

रुक्माबाई मामाकडं वळली. "भावक्या, समद्या सोडल्यास नव्हं?"

"व्हय," मामा म्हणाला.

हे खोटं होतं. आणि ह्याच दाराशी, ह्याच प्रश्नाला, हेच खोटं तो दुसऱ्यांदा बोलत होता.

अठरा वर्षांपूर्वी तो नऊ वर्षांचा होता. आत त्याची आई होती, दाराशी त्याची आजी. आजीनं सांगितलं होतं, "जा रं, घरातल्या समद्या गाठी सोड." त्यानं सोडल्या. पण त्याच्या खांद्यावरच्या फडक्याच्या टोकाला एक गाठ होती. त्या सकाळी त्यानं मष्णूकडून खेळात चौदा चिंचोके जिंकले होते आणि मष्णू ते परत मागत त्याच्या मागंमागं फिरत होता. गाठ सोडली असती तर मष्णूनं झडप घातली असती. म्हणून त्यानं ती मुठीत धरून ठेवली. आजीनं विचारलं, "समद्या सोडल्यास?" तो "व्हय" म्हणाला. दिवस मावळायच्या आधी मुलगी रडली, आणि उजाडायच्या आत त्याची आई गेली. तिला नेल्यावर त्यानं फडक्याचं ते टोक फाडलं आणि माळ्यावर तुळईच्या खाचेत खुपसून ठेवलं. सोडायचा धीर नाही, टाकायचा धीर नाही. अठरा वर्षं ते तिथं होतं. कुणाला बोलला नाही. बहिणीला "आईला खाऊन आलेली" म्हणणाऱ्याचे दात पाडत राहिला, कारण आईला खरं कुणी मारलं हे, त्याच्या मते, त्याला एकट्यालाच माहीत होतं.

सकाळपासून त्यानं गल्लीतल्या कोंबड्या सोडल्या होत्या, मालकाचे बोद सोडले होते. ही एक गाठ सोडायला त्याचे पाय वळत नव्हते. ती सुटून पोर आलं, तर तेव्हाही ही नुसती सोडली असती तर आई वाचली असती, हे पक्कं झालं असतं. मग जन्मभर काय करायचं?

आतून आईचा आवाज आला, अगदी बारीक. "आण्णा..."

मामा शिडीवर चढला.

माळा म्हणजे आडव्या तुळयांवर टाकलेल्या फळ्या, मध्ये बोटबोटभर फटी. तो बरोबर त्या खोलीच्या वर पोचला. खाचेतून ते फडकं काढलं. नऊ वर्षांच्या पोरानं मारलेली गाठ, पण वाळून, धुरानं काळी पडून, दगड झालेली. बोटं चालेनात. नखं तर वखारीतच तुटली होती. कमरेला दाभण होतं, पण दाभणानं धागा तुटला तर! निपाणीतला गाठींचा राजा माळ्यावर पालथा पडून आपली पहिली गाठ दातांनी कुरतडत होता, आणि खाली त्याची बहीण मरायला टेकली होती. मला हे सांगताना आजही अंगावर काटा येतो, आणि खोटं कशाला बोलू, थोडं हसूही येतं.

गाठ सुटली. चौदा चिंचोके फळ्यांच्या फटींतून खाली टपटप पडले. एक मामीच्या मोकळ्या केसांत, दोन रुक्माबाईच्या ओच्यात, बाकीचे माझ्या आईच्या अंथरुणावर. "आगं बया, वरनं काय पडतंय ह्ये?" म्हणून मामीनं वर पाहिलं, आणि तेवढ्यात रुक्माबाई ओरडली, "आलं, आलं, डोस्कं आलं! लाव जोर, राजी!"

मी जन्मले आणि रडले.

मामी दारात येऊन ओरडली, "पोरगी झाली! दोघी बऱ्या हायत!" मष्णूनं टाळी वाजवली. पद्मराज मोकळ्या बंदांनिशी हसले. मामा शिडीवरून उतरला तो भिंतीला धरून. तोंड पांढरंफटक. सगळ्यांना वाटलं, आनंदानं झालं असेल. तो दाराबाहेर मटकन खाली बसला आणि हातातलं ते फाटकं फडकं पुढं करून म्हणाला, "रुक्माआक्का, आईला मी मारली."

कुणाला काही कळेना. मग त्यानं सगळं सांगितलं. चिंचोके, मष्णू, आजीचा प्रश्न, आपलं उत्तर. मोठा बापय, सत्तावीस वर्षांचा, गल्लीसमोर हुंदके देऊन रडत सांगत होता. मष्णू खाली मान घालून ऐकत होता. पद्मराजांनी खांद्यावरचं उपरणं डोळ्यांना लावलं.

रुक्माबाई आत माझी नाळ बांधत होती. ती तिथूनच बोलली, हातातलं काम न थांबवता.

"आरं खुळ्या, तुझी आई अडलीच न्हवती. ही राजी कशी आली म्हाईत हाय? दोन कळांत. पोरगी बघितली तुझ्या आईनं, पदरात घेतली. मागनं रगत सुरू झालं, त्ये थांबंना. रगत थांबवाया गाठ सोडत्यात व्हय? आवळून बांधत्यात! म्या चार लुगडी बांधली, तरीबी थांबलं न्हाय. तुझ्या चिंचोक्यांचा काय संबंध?"

मामानं विचारलं, "मग आजीनं मला गाठी सोडाया का धाडलं?"

"तू दारात उभा ऱ्हाऊन गळा काढत हुतास म्हनून. तुझ्या आईला त्ये ऐकवंना. मग तीच म्हनाली, माझ्या भावकूला कायतरी काम द्या, लांब धाडा. बापय मानसांना आमी त्येच्यासाठीच धाडतो गाठी सोडाया. पायांत यायला नगंत."

 मग पद्मराज हळूच म्हणाले, "म्हणजे माझे अकरा बोद..."

"गाठीचं खरं आसंलबी, मालक," रुक्माबाई म्हणाली. "मला ठावं न्हाय. मला माझा हात तेवढा ठावं हाय."

यानंतर जे झालं ते आई मला सांगायची. ती आत पडली होती, अंगात त्राण नाही, मी कुशीत. अंथरुणावरचा एक चिंचोका तिनं उचलला होता. ती म्हणाली, "आण्णा."

"काय गं?"

"मला वाटत आलं, आईला म्या खाल्ली. समदं गाव म्हनत हुतं. आज सकाळपासनं मला वाटत हुतं, आता माझी पोर मला खानार, फेड हुनार." तिनं चिंचोका मुठीत धरला. "तू एक डाव बोलला आसतास, तर म्याबी बोलले आसते. एकाच घरात ऱ्हायलो आपुन, आण्णा. एका ताटात जेवलो."

 बाळंतिणीच्या खोलीत बापयानं जायचं नसतं, म्हणून मामा उंबऱ्याशी सरकला आणि दाराकडं पाठ करून बसला. दिवेलागणीपर्यंत तो तिथून उठला नाही. मामी म्हणायची, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिनं त्याला एवढा वेळ एका जागी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन त्यानं आणि मष्णूनं अकरा बोद परत भरले, शिवले, गाठी मारल्या. पद्मराज समोर उभे होते.  माझ्या बारशाला त्यांच्या घरून कुंची आली, आणि तिच्या बंदांना गाठ नव्हती.

मामा एका दिवसात बदलला असं मी म्हणणार नाही. माणसं अशी बदलत नाहीत. जेवताना त्याचा गुडघा पुढंही उभाच राहिला आणि कीर्तन त्याला कधी पुरं ऐकवलं नाही. पण माझा धाकटा भाऊ झाला तेव्हा मी पाच वर्षांची होते, आणि तो दिवस माझा मला आठवतो. आईचं दुसरं बाळंतपणही निपाणीलाच झालं. रुक्माबाईला तोवर नीट दिसेना झालं होतं, पण दुसऱ्या कुणाला आई हात लावू देईना. सकाळी कळा सुरू झाल्या आणि मामा पायांत वहाणा घालून अंगणात निघाला.

आतून आईनं हाक मारली, "आण्णा, कुटं निगालास?"

"गाठी..."

"कुटं जाऊ नगंस. हितंच बस."

तो उंबऱ्याशी येऊन बसला, दाराकडं पाठ करून. मला मांडीवर घेतलं. दोन्ही गुडघे असे हलत होते, की मांडीवर मी पाळण्यात बसल्यासारखी डुलत होते. त्यानं कनवटीतून मूठभर चिंचोके काढून मला खेळायला दिले. तेरा होते. चौदावा आई स्वतःकडं ठेवायची. म्हैस दावणीला होती, शिंकं जागेवर होतं, मामीचा आंबाडा डोक्यावर होता. आतून आई ओरडली की मामा डोळे मिटायचा आणि मला घट्ट धरायचा. पण उठला नाही.

बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं. रुक्माबाईनं डोकं बाहेर काढलं. तिला नीट दिसत नव्हतं, पण तो तिथंच आहे हे तिला कळत होतं. जुनी खोड म्हणा, नाहीतर म्हातारीची थट्टा म्हणा, ती म्हणाली, "काय भावक्या, समद्या सोडल्यास नव्हं?"

मामाच्या गुडघ्यांचं हलणं थांबलं.

"न्हाय," तो म्हणाला. "एकबी सोडली न्हाय."

"बरं केलंस," म्हणून ती आत गेली, आणि थोड्या वेळानं माझा भाऊ रडला.